जुन्या जीवांचे पुनरागमन : व्हिडिओ गेमच्या पुनर्निर्मितीची एक चिकित्सा

प्रस्तावना

रूपांतर, भाषांतर, अनुकरण आणि पुनर्कथन या संकल्पनांची चर्चा मराठी समीक्षेला नवी नाही. एकच आख्यान कीर्तनात, नाटकात आणि चित्रपटात कसे बदलत जाते याचा विचार मराठीच्या अध्यापकांनी वेळोवेळी केला आहे. व्हिडिओ गेम हा कथनप्रकार मात्र या चर्चेत अपवादानेच आलेला दिसतो. देहू, तळवडे, चाकण या पट्ट्यातील महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा कथेशी पहिला दीर्घ परिचय आता पडद्यावरील खेळातून होतो. त्यांच्या कल्पनाविश्वातील राक्षस, प्रेते आणि अजस्र पशू पुष्कळदा तेथूनच आलेले असतात. म्हणून या प्रकाराकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता समीक्षेच्या साधनांनी पाहणे आवश्यक ठरते.

या प्रकारात एक गोष्ट वारंवार आढळते. जुन्या गेमची नवी निर्मिती होते तेव्हा चित्रे बदलतात, आवाज बदलतात, कधी कथेचे दुवेही बदलतात. परंतु मूळ गेममधील काल्पनिक जीव बहुधा परत येतात. एखादा जीव वगळला गेला तर खेळणाऱ्यांचा वर्ग त्याची नोंद घेतो आणि नाराजीही व्यक्त करतो. असे का व्हावे? नव्या निर्मितीत नवे जीव घडवण्याची मोकळीक असताना निर्माते जुन्यांकडे का वळतात? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी प्रथम काही प्रसिद्ध खेळांची, नंतर पुणे व मुंबई येथे हाती घेतलेल्या एका पुनर्निर्मितीची आणि अखेरीस देहूच्या तुकाराम-परंपरेतील पुनर्कथनाची उदाहरणे घेतली आहेत.

संज्ञांचा विचार

आरंभी दोन प्रकारांत भेद करणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात मूळ गेम तोच राहतो. केवळ चित्रांची व ध्वनीची स्पष्टता वाढवली जाते. याला व्यवहारात ‘रिमास्टर’ म्हणतात. ग्रंथव्यवहारातील सुधारित पुनर्मुद्रणाशी त्याचे साम्य आहे. दुसऱ्या प्रकारात गेम नव्याने घडवला जातो. त्याची चित्रे, हालचाली आणि अनेकदा रचनाही पुन्हा केली जाते. याला ‘रिमेक’ म्हणतात आणि येथे ‘पुनर्निर्मिती’ हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे. पहिल्या प्रकारात जुना जीव परत येणे क्रमप्राप्तच असते. दुसऱ्या प्रकारात मात्र तो कोणीतरी जाणीवपूर्वक परत आणलेला असतो. त्यामागे निवड असते, आणि निवड आली की समीक्षेचा प्रश्न उपस्थित होतो.

प्रचलित उत्तरे व त्यांच्या मर्यादा

या प्रश्नाची तीन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले उत्तर व्यापाराचे आहे. परिचित जीवाचे चित्र जाहिरातीत दिसताच जुना ग्राहक थांबतो. नव्या जीवाची ओळख करून देण्याचा खर्च वाचतो. हे कारण खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते अपुरे आहे. केवळ ओळख पुरेशी असती, तर जीवाचे चित्र कोठेही लावून भागले असते. त्याच्या वागण्याविषयी खेळणाऱ्यांनी काटेकोर आग्रह धरला नसता.

दुसरे उत्तर स्मरणरंजनाचे आहे. बालपणी ज्या जीवाने भय घातले तो प्रौढपणी पुन्हा भेटावा अशी इच्छा माणसाला होते. यातही तथ्य आहे. तथापि ज्यांनी मूळ गेम कधी खेळलाच नाही असे तरुणही पुनर्निर्मितीतील जुन्या जीवांना तितकाच प्रतिसाद देतात. त्यांच्यापाशी स्मरण नसते. म्हणजे त्या जीवात स्मरणापलीकडचे काही असले पाहिजे.

तिसरे उत्तर तांत्रिक आहे, आणि ‘पोकेमॉन’ मालिकेत ते स्पष्ट दिसते. १९९६ साली जपानमध्ये निघालेल्या या मालिकेच्या पहिल्या गेममध्ये एकूण १५१ जीव होते. २००२ साली नव्या यंत्रावर ‘रुबी’ आणि ‘सॅफायर’ हे गेम आले तेव्हा जुन्या यंत्रावरील जीव त्यांत नेता येत नव्हते आणि पहिल्या पिढीतील कित्येक जीव त्यांत सापडतही नव्हते. २००४ साली पहिल्या गेमची ‘फायररेड’ व ‘लीफग्रीन’ ही पुनर्निर्मिती झाली आणि ही तूट बरीचशी भरून निघाली. येथे पुनर्निर्मिती ही जुन्या जीवांना नव्या व्यवस्थेत प्रवेश देणारी वाट ठरली. पुढे २०१९ साली ‘सोर्ड’ व ‘शील्ड’ या गेममध्ये सर्व जुने जीव आणता येणार नाहीत असे जाहीर झाले तेव्हा जगभरच्या खेळणाऱ्यांनी तीव्र निषेध केला. वर्षानुवर्षे सांभाळलेला जीव आपला आहे, ही भावना त्या निषेधामागे होती. हे उत्तर आधीच्या दोहोंपेक्षा अधिक समाधानकारक आहे. मात्र ते ज्या गेममध्ये जीव जमवायचे व पाळायचे असतात त्यांनाच लागू पडते. ज्या जीवांपासून पळायचे असते किंवा ज्यांना मारायचे असते, त्यांचे पुनरागमन यातून उलगडत नाही.

जीव म्हणजे नियम

कथा-कादंबरीतील राक्षस हा वर्णनाचा विषय असतो. वाचक त्याला पाहतो. त्याच्याशी वागत नाही. व्हिडिओ गेममध्ये स्थिती निराळी आहे. तेथील जीव कसा दिसतो याहून तो काय करतो, कशाने थांबतो, कशाने चवताळतो हे महत्त्वाचे असते. खेळणारा त्याचे वर्तन शिकतो आणि त्या शिकण्यावरच त्याचे जगणे-मरणे अवलंबून राहते. म्हणून गेममधील जीव हा त्या खेळाच्या नियमाचे दृश्य रूप असतो, असे म्हणता येईल. जीव काढला की नियम निघतो, आणि नियम निघाला की त्याच्याभोवती रचलेल्या खोल्या, शस्त्रे, अंतरे यांचा अर्थही ढासळतो.

‘रेसिडेंट इव्हिल’ या जपानी मालिकेतून याचा पडताळा येतो. १९९६ च्या मूळ गेममध्ये पाडलेले प्रेत पडलेलेच राही. २००२ साली शिंजी मिकामी यांच्याच दिग्दर्शनाखाली त्याची पुनर्निर्मिती झाली. तीत तीच प्रेते परत आली. परंतु पाडलेले प्रेत जाळले नाही किंवा त्याचे मस्तक फुटले नाही, तर ते काही काळाने अधिक वेगवान व हिंस्र होऊन उठू लागले. ज्याला मूळ गेम पाठ होता तोच येथे अधिक फसला, कारण जुन्या अनुभवाने त्याला निर्धास्त केले होते. निर्मात्याने जुना जीव परत आणला तो खेळणाऱ्याच्या स्मरणाला कुरवाळण्यासाठी नव्हे, तर त्या स्मरणालाच कथेचे साधन करण्यासाठी. नवा जीव आणून हा परिणाम साधता आला नसता.

याच मालिकेतील १९९८ चा दुसरा गेम २०१९ साली पुन्हा घडवला गेला. मूळ गेममध्ये एक धिप्पाड पाठलाग करणारा जीव ठरावीक प्रसंगीच समोर येई. पुनर्निर्मितीत तो इमारतीभर फिरू लागला आणि दिसण्यापूर्वी त्याची पावले ऐकू येऊ लागली. अंध परंतु तीक्ष्ण कानांचा दुसरा जीवही परत आला, आणि त्याच्याजवळून सावकाश, आवाज न करता जाणे हे खेळाचे एक अंग बनले. या दोन जीवांची सांगड लक्षात घेण्यासारखी आहे. एकापासून धावत सुटावे लागते. दुसऱ्याजवळ धावता येत नाही. दोन जुने नियम परस्परांसमोर उभे राहिल्याने नवा ताण निर्माण होतो. उलट, मूळ गेममधील महाकाय कोळी या पुनर्निर्मितीत आले नाहीत. त्यांच्या अनुपस्थितीची चर्चा झाली, तरी रचनेला तडा गेला नाही. कारण त्या कोळ्यांवर खेळाचा कोणताही मुख्य नियम उभा नव्हता. जे परत आले आणि जे आले नाहीत, त्यांची तुलना केल्यास निवडीचे तत्त्व हाती लागते.

‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा २००५ चा गेम या तत्त्वाचे टोकाचे उदाहरण होय. त्यात सोळा महाकाय जीव आहेत. इतर शत्रू नाहीतच. प्रत्येक जीव हाच एक प्रदेश, एक कोडे आणि एक प्रकरण असतो. २०१८ साली झालेल्या पुनर्निर्मितीत दृश्यरूप संपूर्ण नवे झाले. पण जीव सोळाच राहिले. सतरावा जीव आणणे तंत्रदृष्ट्या अवघड नव्हते. परंतु जेथे जीव हीच रचना आहे, तेथे संख्या बदलणे म्हणजे ग्रंथ बदलणे ठरले असते.

पुणे व मुंबई येथील एक अपूर्ण पुनर्निर्मिती

हा विचार महाराष्ट्राबाहेरचा वाटण्याचे कारण नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ सालच्या गाजलेल्या गेमची पुनर्निर्मिती युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपवण्यात आली होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिची घोषणा झाली. मूळ गेमच्या कथेचा आरंभ भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावरील स्वारीने होतो आणि तिची नायिका फराह ही त्या महाराजाची कन्या आहे. ती कथा भारतातील कारागिरांच्या हाती पुन्हा यावी, या योगायोगाला काही अर्थ होता.

या गेममधील जीवांचे स्वरूप प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. राजपुत्राच्या हातून काळाची वाळू मुक्त होते आणि आझादच्या राजवाड्यातील माणसे वाळूचे जीव बनतात. राजपुत्राचा पिता शरमान हाही त्यांतून सुटत नाही, आणि पुत्राला त्याच्याशीच लढावे लागते. पाडलेल्या जीवातील वाळू खंजिराने शोषून घेतली नाही तर तो पुन्हा उठतो. शोषलेली वाळू खंजिरात साठते आणि तिच्याच बळावर राजपुत्र चुकलेला क्षण मागे फिरवू शकतो. म्हणजे जीव, शस्त्र आणि काळ ही तिन्ही एकाच व्यवहारात बांधली आहेत. वाळूच्या जीवांऐवजी दुसरे कोणतेही राक्षस तेथे ठेवले तर काळ मागे फिरवण्याची शक्ती कोठून येते याचे उत्तर उरत नाही. शिवाय मारला जाणारा प्रत्येक जीव एके काळी माणूस होता, आणि त्याच्या या स्थितीला नायकच कारण आहे, हा नैतिक भारही नाहीसा होतो. अशा गेमच्या पुनर्निर्मितीत जुन्या जीवांना पर्याय नव्हता.

तथापि घोषणेसोबतच्या दृश्यफितीवर, विशेषतः तिच्या चित्ररूपावर, टीका झाली. जानेवारी २०२१ मध्ये ठरलेले प्रकाशन पुढे गेले. मे २०२२ मध्ये हे काम मूळ गेम जेथे घडला त्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे देण्यात आले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने हा प्रकल्पच रद्द केला. एखाद्या पुनर्निर्मितीच्या अपयशाची कारणे बाहेरून ठरवणे योग्य नव्हे. मात्र वाचकवर्गाची बाजू येथे स्पष्ट दिसते. दृश्यफीत पाहणाऱ्याला जीवाचे केवळ रूप दिसते. त्याचा नियम हातात घेता येत नाही. रूपावरून निर्णय झाला आणि नियमाची पारख होण्याची वेळच आली नाही. पुणे-मुंबईच्या कारागिरांनी त्या वाळूच्या जीवांना कसे वागवले असते, हे खेळणाऱ्यांना आता कळणार नाही.

देहूची साक्ष

रूप आणि नियम यांतील हा भेद देहूच्या परंपरेला अनोळखी नाही. तुकारामांचे चरित्र हे मराठीत सर्वाधिक पुनर्कथन झालेल्या चरित्रांपैकी एक आहे. १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ हा चित्रपट काढला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची भूमिका केली आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. त्याच्या अखेरीस वैकुंठगमनासाठी गरुडाच्या रूपातील विमान अवतरते. फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेच्या दिवशी, देहूच्या नांदुरकी वृक्षाखाली जमणाऱ्या भाविकांच्या मनात ते विमान आधीपासूनच होते. चित्रपटाने गरुड नव्याने निर्माण केला नाही. परंपरेतील गरुडाला नव्या माध्यमात परत आणले. तो वगळता आला असता काय, हा प्रश्न येथेही रूपाचा नसून रचनेचा आहे. आवलीच्या संसारातील भाकरीची विवंचना आणि वैकुंठाची ओढ या दोन टोकांवर तो चित्रपट उभा आहे. गरुड नसेल तर एक टोकच निखळते.

त्याच चित्रपटातील दोन गोष्टी या विवेचनाला अधिक उपकारक आहेत. त्यातील सालोमालो हा तुकारामांची रचना आपल्या नावावर खपवतो. त्याच्या मुखी शब्द तुकारामांचेच असतात. पण चाल, हेतू आणि वृत्ती बदललेली असते, आणि प्रेक्षकाला ती रचना खोटी झाल्याचे क्षणात कळते. याउलट शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी एक पद स्वतः रचले. त्यातील शब्द तुकारामांचे नव्हते, तरीही अनेक रसिकांना ते तुकारामांच्याच गाथेतील वाटले. सालोमालोपाशी मूळ रूप होते, पण नियम नव्हता. आठवल्यांपाशी मूळ रूप नव्हते. अभंगाचा आंतरिक नियम मात्र होता. पुनर्निर्मितीतील जीवांनाही हीच कसोटी लागू पडते. हुबेहूब दिसणारा परंतु वेगळ्याच वृत्तीने वागणारा जीव खेळणाऱ्याला परका वाटतो, आणि बदललेल्या रूपाचा जीवही नियम टिकला तर आपला वाटतो.

मूळ कृतीच्या उपलब्धतेचा प्रश्न

येथे एक आक्षेप संभवतो. नियम पाळून केलेली नवी रचना मूळ म्हणून स्वीकारली जात असेल, तर मूळ आणि नवे यांतील सीमा पुसली जाण्याचा धोका नाही काय? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही देहूच्याच परंपरेत मिळते. आठवल्यांचे पद तुकारामांचे नाही हे सांगता येते, कारण गाथा उपलब्ध आहे आणि तीत ते पद नाही. १८६९ ते १८७३ या काळात विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली गाथेची दोन खंडांतील आवृत्ती सिद्ध केली तेव्हा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते पडताळली गेली. पुढे १९५० साली शासकीय आवृत्तीही निघाली. देहूच्या मंदिरात ‘भिजकी वही’ या नावाने ओळखली जाणारी वही तुकारामांच्या हस्ताक्षरातील मानली जाते आणि ती जपली गेली आहे. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी तरल्या, या कथेवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, मूळ वह्या परत मिळणे हेच त्या कथेचे केंद्र आहे. कीर्तने, नाटके, चित्रपट कितीही झाले तरी वहीची जागा कोणी घेतली नाही.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत ही हमी नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात विक्रीसाठी उपलब्ध नव्हते. यंत्रे जुनी होतात, परवाने संपतात, कंपन्या बंद पडतात. त्यातच काही पुनर्निर्मिती मूळ कृतीची जागाच घेतात. २०२० साली ‘वॉरक्राफ्ट ३’ या २००२ च्या गेमची नवी आवृत्ती आली तेव्हा जुना गेम विकत घेतलेल्यांनाही कंपनीच्या जाळ्यावर खेळण्यासाठी नवीच प्रणाली स्वीकारावी लागली. असे घडते तेव्हा परत आलेला जीव हा जुन्या जीवाचा साक्षीदार राहत नाही. त्याची तुलना कोणाशी करावी हेच उरत नाही. वगळलेल्या जीवाची उणीव ज्यांना जाणवते अशी पिढी संपली की ती उणीवही संपते.

२०२३ सालच्या ‘रेसिडेंट इव्हिल ४’ या पुनर्निर्मितीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. २००५ च्या मूळ गेममधील एक जीव तिच्या मुख्य भागात नव्हता. त्याच वर्षी नंतर आलेल्या पूरक भागात तो परतला. तो नाही हे खेळणाऱ्यांना कळले, कारण मूळ गेम त्यांच्या हाताशी होता. पाठभेद कळण्यासाठी दोन पाठ लागतात, हा पाठचिकित्सेचा प्राथमिक धडा येथे जसाच्या तसा लागू होतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. व्हिडिओ गेमच्या पुनर्निर्मितीत जुने जीव परत येण्यामागे व्यापार, स्मरणरंजन आणि तांत्रिक सोय ही कारणे आहेतच. परंतु मूलभूत कारण असे की, गेममधील जीव हा नियमाचे रूप असतो आणि त्याच्याविना मूळ रचना पुन्हा उभी राहू शकत नाही. जो जीव नियम धारण करतो तो परत येतो. जो केवळ सजावट असतो तो गळाला तरी रचना टिकते. दुसरे असे की, चांगली पुनर्निर्मिती जुना जीव जसाच्या तसा ठेवत नाही. ती त्याचा नियम ओळखते आणि खेळणाऱ्याच्या पूर्वानुभवाला विचारात घेऊन तो अधिक खोल करते. तिसरे असे की, या पुनरागमनाची पारख मूळ कृती हाताशी असेल तरच होऊ शकते.

या तिसऱ्या निष्कर्षाचा संबंध थेट महाविद्यालयांशी येतो. हस्तलिखिते जपण्याची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांनी एके काळी स्वीकारली, म्हणून आज गाथेचे पाठ तपासता येतात. पुण्यातच १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, म्हणून जुन्या चित्रपटांविषयी पुराव्यानिशी बोलता येते. व्हिडिओ गेमसाठी अशी दृष्टी ग्रंथालये व संगणक विभाग यांनी मिळून बाळगली, जुनी यंत्रे, गेमच्या तबकड्या, माहितीपुस्तिका आणि खेळणाऱ्यांच्या आठवणी यांची नोंद ठेवली, तर ते काम फार खर्चाचे नाही. तळवड्याच्या संगणक-उद्योगात उद्या जे विद्यार्थी नोकरीस जातील, त्यांच्यापैकी कोणाच्या हाती एखादी पुनर्निर्मिती येईलही. जुन्या जीवाचे रूप त्यांना कोठेही पाहावयास मिळेल. त्याचा नियम मात्र मूळ गेम खेळूनच समजेल, आणि त्यासाठी तो कोठेतरी जपलेला असावा लागेल.